औषध तेच, चित्र वेगळं: कॉन्ट्रास्टच्या सुईचा मागोवा

गोराई गावातल्या माणसाला डॉक्टरांनी ‘डाय टाकून सीटी’ लिहून दिला, की त्याला बोरिवली गाठावी लागते. एक तर बोटीने खाडी ओलांडायची, नाही तर उत्तन-भाईंदरच्या रस्त्याने लांबचा वळसा घ्यायचा. उपाशीपोटी निघालेला पेशंट, सोबत घरचं कुणीतरी, पिशवीत जुने रिपोर्ट. बोरिवलीत उतरलं की स्कॅन सेंटरांच्या पाट्या दिसू लागतात: ३२ स्लाइस, ६४ स्लाइस, १२८ स्लाइस. आकडा मोठा म्हणजे मशीन चांगलं, आणि मशीन चांगलं म्हणजे रिपोर्ट चांगला, असं आपण धरून चालतो.

हा डाय, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध, कुठल्या शिरेतून दिलं, सुई किती जाड होती, सेकंदाला किती मिलिलिटर गेलं आणि त्यानंतर नेमक्या कितव्या सेकंदाला फोटो काढला, हे मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. चित्राचं बरंचसं भवितव्य तिथेच ठरतं. तेच औषध, तेवढंच औषध, त्याच मशीनवर नीट दिलं तर यकृतातली बारीकशी गाठ उजळून दिसते. चुकीच्या वेगाने किंवा चुकीच्या वेळी दिलं तर तीच गाठ आसपासच्या मांसात विरून जाते. शरीराच्या आत डोकावण्याची विद्या गेल्या सव्वाशे वर्षांत वाढली ती यंत्रांइतकीच औषध देण्याच्या रीतींमुळे. त्या रीतींचा हा मागोवा आहे.

रॉन्टगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. हाडं दिसू लागली. पण रक्तवाहिन्या दिसेनात, कारण रक्त आणि मांस क्ष-किरणांना जवळजवळ सारखंच अडवतात. रक्तवाहिनी वेगळी दिसायची तर तिच्यात काहीतरी जड भरायला हवं. हा विचार सुचायला तीन महिनेही लागले नाहीत. जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी कापून वेगळा केलेला एक हात घेतला, त्याच्या धमन्यांत चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचं मिश्रण भरलं आणि ५७ मिनिटं क्ष-किरण सोडून फोटो काढला. बोटांच्या टोकांपर्यंतच्या धमन्या स्वच्छ उमटल्या.

ते चित्र सुंदर आलं, याचं कारण हात मेलेला होता. भरलेलं मिश्रण जागचं हलत नव्हतं, म्हणून ५७ मिनिटं थांबता आलं. जिवंत माणसात रक्त सतत धावतं. औषध टोचल्या क्षणापासून ते पातळ व्हायला लागतं, पुढे वाहून जातं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकू लागतात. शिवाय औषध रक्तापेक्षा जड. वेग कमी असेल तर ते रक्तात मिसळत नाही, वाहिनीच्या खालच्या बाजूला बसतं, आणि फोटोत अर्धीच वाहिनी भरलेली दिसते. म्हणजे प्रश्न केवळ योग्य रसायनाचा उरला नाही. औषध कुठे सोडायचं, किती वेगाने सोडायचं आणि फोटो कधी काढायचा, हे तीन प्रश्न उभे राहिले. पुढचा सगळा इतिहास या तिन्हींच्या उत्तरांचा आहे.

पहिलं मोठं उत्तर लिस्बनहून आलं. एगास मोनिझ यांना मेंदूतल्या गाठी शोधायच्या होत्या. मेंदूच्या धमन्या भरायच्या तर औषध मानेतल्या कॅरोटिड धमनीतच सोडायला हवं, दंडातून दिलेलं तिथवर पोचेपर्यंत पातळ होतं, हे त्यांनी ओळखलं. गाउटमुळे त्यांच्या हातांना नाजूक काम झेपत नव्हतं, म्हणून सुई धरली ती त्यांचे तरुण सहकारी आल्मेइदा लिमा यांनी. आधी त्यांनी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरलं. त्यात एक रुग्ण दगावला. मग औषध बदलून सोडियम आयोडाइड घेतलं, मानेवर छेद देऊन धमनी उघडी केली आणि तिच्यात थेट औषध सोडलं. जून १९२७ च्या अखेरीस मेंदूच्या धमन्या पहिल्यांदा नीट दिसल्या. गाठीने त्या कुठे ढकलल्या आहेत यावरून गाठीची जागा कळू लागली.

जागेचा प्रश्न सुटला तरी वेळेचा राहिलाच. मेंदूतून औषध काही सेकंदांत निघून जातं आणि फिल्म एका वेळी एकच. मोनिझ यांच्याबरोबर काम करणारे पेरेइरा काल्दास यांनी १९३१ च्या सुमारास फिल्म भराभर बदलणारं फिरतं यंत्र बनवलं. मग धमनी, बारीक वाहिन्या आणि शीर असे तीन टप्पे एकामागून एक टिपता येऊ लागले. त्याच शहरात रेनाल्दो दोस सांतोस यांनी १९२९ मध्ये पाठीतून लांब सुई घालून थेट महाधमनीत औषध सोडलं आणि पोटातल्या व पायांतल्या धमन्या दाखवल्या. औषध जिथे पाहायचं आहे तिथल्या जितकं जवळ सोडाल तितकं चित्र गडद, हा नियम लिस्बनने घालून दिला.

याच्या उलट वाट न्यूयॉर्कमध्ये रॉब आणि स्टाइनबर्ग यांनी १९३८ च्या सुमारास धरली. धमनी न टोचता, दंडाच्या शिरेतून औषध देऊन हृदय आणि फुप्फुसं दाखवायची, असा त्यांचा आग्रह होता. शिरेतून द्यायचं तर औषध वाटेत पातळ होणार, म्हणून त्यांनी जाड सुई घेतली, हात वर धरायला लावला आणि सगळं औषध एक-दोन सेकंदांत आत ढकललं. फोटोची वेळ ठरवायला त्यांनी आधी रक्त किती वेळात कुठे पोचतं ते मोजलं. शिरेत थोडा ईथर दिला की तो फुप्फुसात पोचताच श्वासाला वास येतो. सायनाइडचा अगदी अल्प डोस मानेतल्या धमनीपर्यंत पोचला की रुग्ण एकदम खोल श्वास घेतो. या दोन खुणांवरून प्रत्येक माणसाची वेळ वेगळी काढायची आणि मगच खरं औषध द्यायचं. सगळ्यांना एकच आकडा लावायचा नाही. समोरच्या माणसाचं हृदय किती वेगाने रक्त ढकलतं ते आधी पाहायचं. आज सीटीच्या खोलीत रोज होणाऱ्या एका गोष्टीचं मूळ इथे आहे.

त्या काळात सुईपेक्षा औषधच घातक ठरल्याचंही उदाहरण आहे. थोरोट्रास्ट हे थोरियमचं औषध चित्र फार छान द्यायचं आणि देताना त्रासही होत नसे, म्हणून १९३० आणि १९४० च्या दशकांत ते खूप वापरलं गेलं. थोरियम किरणोत्सारी असतं आणि ते यकृतात कायमचं साठून राहिलं. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांना यकृताचे कर्करोग झाले. औषध शरीरात कुठे पसरतं याइतकंच ते शरीरातून बाहेर कधी पडतं हेही पाहायला हवं, हा धडा त्या माणसांनी जीव देऊन दिला.

थेट धमनीत औषध सोडणं छेद दिल्याविना जमेल का, या प्रश्नाला स्टॉकहोममधल्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये साधं उत्तर दिलं. सुई धमनीत घालायची, सुईतून लवचीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची, तारेवरून नळी सरकवायची आणि शेवटी तार काढायची. बस्स, नळी धमनीत. जांघेतल्या एका टोचणीतून मूत्रपिंडाची, यकृताची, मानेची, कुठलीही धमनी गाठता येऊ लागली. आजही जगभरच्या कॅथलॅबमध्ये दिवसाची सुरुवात याच पाच कृतींनी होते.

नळी नेमकी कुठे टेकली आहे यावर किती अवलंबून असतं, हे ३० ऑक्टोबर १९५८ रोजी क्लीव्हलँडमध्ये दिसलं. मेसन सोन्स एका रुग्णाच्या महाधमनीच्या मुळाशी औषध सोडत होते. नळीचं टोक घसरून हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या उजव्या कोरोनरी धमनीच्या तोंडात गेलं आणि सुमारे ३० मिलिलिटर औषध त्या एवढ्याशा धमनीत शिरलं. हृदय थांबलं. सोन्स यांनी रुग्णाला जोरात खोकायला सांगितलं. तो खोकला आणि ठोके परत आले. तोवर सगळे मानत होते की कोरोनरीत थेट औषध गेलं तर माणूस वाचणारच नाही. तो वाचला, आणि फिल्मवर ती धमनी आधी कधी दिसली नव्हती इतकी स्पष्ट आली होती. मग सोन्स यांनी मुद्दाम, पण अगदी थोडं औषध द्यायला सुरुवात केली. आज आपल्या घरांत ज्या सहजपणे ‘अँजिओग्राफी’ हा शब्द बोलला जातो, ती तपासणी त्या दिवशी जन्मली.

मुंबईतही याच सुमारास मोलाचं काम चाललं होतं. परळच्या केईएम रुग्णालयात आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. परुळकर आणि त्यांचे सहकारी एका विचित्र आजाराचा अभ्यास करत होते. तरुण माणसं, त्यात मुली पुष्कळ, रक्तदाब वाढलेला आणि हातापायांची नाडी लागत नाही. महाधमनी आणि तिच्या फांद्या आतून सुजून अरुंद होत होत्या. महाधमनीच्या मधल्या भागात होणाऱ्या अरुंदपणावर या मंडळींचा ‘मिडल अ‍ॅओर्टिक सिंड्रोम’ हा लेख १९६३ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि ते नाव जगभर रूढ झालं. हा आजार जिवंतपणी नेमका ओळखायचा तर महाधमनीत औषध सोडून चित्र घेण्यावाचून तेव्हा पर्याय नव्हता.

अशा रुग्णात सुईचा प्रश्न किती कठीण असतो ते पाहा. जांघेतली नाडी लागत नाही, म्हणून खालून नळी घालणं अवघड. घातलीच तरी अरुंद भागातून ती वर नेताना धमनी फाटण्याची भीती. अरुंद भागाच्या खाली औषध सोडलं तर ते रक्ताबरोबर खालीच जातं, वरचा भाग रिकामा राहतो आणि आजार किती लांब पसरलाय ते कळत नाही. वर सोडायचं तर हातातल्या धमन्याही अनेकदा बंद. कुठून शिरायचं हे ठरवणं हेच तिथे निम्मं निदान असतं. मुंबईत न्यूरोसर्जरीचा पाया घालणाऱ्या डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांच्या पिढीलाही सीटी नव्हता. मानेत सुई घालून काढलेल्या चित्रांत वाहिन्या कुठे सरकल्यात ते बघून, गाठ कुठे असेल याचा अंदाज बांधत त्या काळचे सर्जन कवटी उघडत.

सुई जागेवर बसली, तरी हाताने औषध ढकलण्याला मर्यादा होती. औषध घट्ट, नळी बारीक, अंगठ्याचा जोर प्रत्येकाचा वेगळा आणि शेवटी शेवटी कमी होणारा. म्हणून हवेच्या किंवा स्प्रिंगच्या दाबावर चालणारी यंत्रं आली. पण त्यांत दाब ठरवता यायचा, वेग नाही. अमेरिकेत स्टीफन हाइलमन या डॉक्टरांनी १९६४ मध्ये मेडरॅड ही कंपनी काढली आणि ठरलेल्या वेगाने औषध देणारा इंजेक्टर बनवला. ‘सेकंदाला इतके मिलिलिटर’ असं सांगायचं आणि यंत्राने ते तंतोतंत पाळायचं. आपल्याकडे त्याला सरसकट ‘प्रेशर इंजेक्टर’ म्हणतात, पण त्याचं खरं मोल वेग सांभाळण्यात आहे.

वेग नेहमी जास्तच हवा असंही नाही. किन्मंथ यांनी १९५० च्या दशकात पायाच्या लसीकावाहिन्यांत औषध सोडायची पद्धत बसवली. तिथे घाई केली की केसासारखी वाहिनी फुटते, म्हणून थोडंसं औषध तासाभरात, हळूहळू द्यायचं. पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी शोधायची तर पावलावर सुई घालतात आणि घोट्याला पट्टा आवळतात. वरवरच्या शिरा दाबल्या जातात, औषधाला खोल शिरांतूनच जावं लागतं. पट्टा सैल राहिला तर औषध वरून निघून जातं आणि गुठळी सापडतच नाही. पाण्याची चारी जशी वळवावी तसं औषध वळवावं लागतं.

१९८० च्या सुमारास संगणकाने मोठी आशा दाखवली. औषधाआधीचं चित्र औषधानंतरच्या चित्रातून वजा केलं, की हाडं पुसली जातात आणि फक्त वाहिन्या उरतात. ही डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी. इतकी बारीक नजर असेल तर धमनी टोचायची गरजच काय, दंडाच्या शिरेतून दिलेलं पातळ औषधही दिसेल, असं वाटलं. तसं झालं नाही. हृदय कमजोर असलेल्या माणसांत औषध फार पसरायचं, रुग्णाने गिळलं किंवा हलला की चित्र बिघडायचं, आणि सगळ्या धमन्या एकाच वेळी भरल्यामुळे एकीवर दुसरी यायची. काही वर्षांत तंत्र परत धमनीतल्या नळीकडे गेलं. संगणकाने कमी औषधात काम भागवलं, पण औषध कुठे सोडायचं हा प्रश्न त्याला टाळता आला नाही.

सीटीची कहाणी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात सुरू झाली. सीटीचे जनक हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्राला एका चित्राला काही मिनिटं लागत, म्हणून सलाइनच्या बाटलीसारखं थेंबाथेंबाने दिलेलं औषधही पुरायचं. १९८९ मध्ये स्पायरल सीटी आला, १९९८ मध्ये एका फेरीत चार काप घेणारी यंत्रं आली आणि पूर्ण छाती-पोटाचं चित्र काही सेकंदांत होऊ लागलं. आता औषधाची लाट अवयवात ज्या काही सेकंदांसाठी चढते, त्याच सेकंदांत फोटो घ्यावा लागतो. मशीन जितकं वेगवान, तितकी इंजेक्शनमधली चूक महाग. म्हणूनच पाटीवरचा १२८ चा आकडा एकटा काही सांगत नाही.

इतक्या वेगाने औषध देता येतं याचं श्रेय स्वीडनच्या टॉर्स्टन अल्मेन यांनाही आहे. जुन्या औषधांचं रक्तापेक्षा पाच-सात पट तीव्र द्रावण धमनीत गेलं की रुग्णाला आग होई. रेणूचे आयन न होता तो विरघळला तर ही आग कमी होईल, असं त्यांनी १९६९ मध्ये मांडलं. त्यातूनच पुढे आयोहेक्सॉलसारखी आजची सौम्य औषधं आली. सुईने वेग वाढवला तो या सौम्यपणाच्या भरवशावर.

आता बोरिवलीतल्या एखाद्या सीटीच्या खोलीत या. खाडी ओलांडून आलेल्या मावशी टेबलावर आडव्या आहेत. टेक्निशियन आधी मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघते, दमा किंवा ॲलर्जी आहे का विचारते. मग उजव्या कोपराच्या पुढची शीर शोधते. उजवीच, कारण डाव्या हातातून आलेलं दाट औषध छातीत महाधमनीच्या फांद्यांसमोरून आडवं जातं आणि चित्रात रेघा पाडतं. मनगटामागच्या बारीक शिरेत निळं, २२ गेजचं बारीक इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची नळी) आधीच लावलेलं असेल तर ती ते वापरत नाही; त्याहून जाड, हिरवं १८ किंवा गुलाबी २० गेजचं नवीन लावते. नळीची त्रिज्या निम्मी केली तर त्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. बारीक सुईतून सेकंदाला ४ मिलिलिटर रेटायला गेलं तर औषध शिरेबाहेर कातडीखाली साचतं. म्हणून ती आधी १० मिलिलिटर सलाइन हाताने मारून बघते, शीर फुगत नाही ना याची खात्री करते, नळीतला हवेचा बुडबुडा काढते आणि मावशींना हात डोक्यावर घ्यायला सांगते.

इंजेक्टरला दोन सिरिंज असतात, एकीत औषध, दुसरीत सलाइन. औषध संपलं की लगेच मागून सलाइन जातं, नाही तर बरंच औषध नळीत आणि दंडाच्या शिरेत अडकून राहतं आणि कामी येत नाही. “मावशी, आता अंग गरम वाटेल, लघवी झाल्यासारखंही वाटेल. घाबरू नका, हलू नका. दुखलं तर लगेच सांगा.” पडद्यावर महाधमनीत एक छोटं वर्तुळ काढलेलं असतं. औषध पोचलं की त्या वर्तुळातला आकडा चढतो, आणि ठरलेला आकडा ओलांडला की स्कॅन सुरू होतो. हीच बोलस ट्रॅकिंग, रॉब आणि स्टाइनबर्ग यांच्या ईथरची नात. फुप्फुसातली गुठळी शोधायची असेल तर ‘खूप खोल श्वास घ्या’ असं मुद्दामच सांगत नाहीत. खोल श्वासाने पोटाकडचं औषधाविना रक्त हृदयात ओढलं जातं आणि नेमक्या क्षणी फुप्फुसाच्या धमन्या फिक्या पडतात.

यकृताची गोष्ट आणखी बारीक आहे. निरोगी यकृताला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, यकृताच्या कर्करोगाला मात्र धमनीतून. म्हणून सुमारे ३५ व्या सेकंदाला गाठ उजळते आणि आसपासचं यकृत अजून फिकं असतं. ७० व्या सेकंदाला यकृत उजळतं आणि गाठ फिकी पडू लागते. ही उलटापालट हीच तिची ओळख. औषध हळू दिलं तर पहिली लाट चपटी होते आणि गाठ कधी वेगळी दिसतच नाही. रिपोर्टमध्ये मग ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. यंत्र बरोबर, औषध बरोबर, वाचणारा डॉक्टरही बरोबर, तरी निदान हुकतं.

म्हणून मला वाटतं, या मागोव्यात मोनिझ आणि सोन्स यांच्या नावांशेजारी शीर शोधणाऱ्या त्या टेक्निशियनलाही जागा हवी. तिला पुरेसा वेळ हवा, चांगली इंट्राकॅथ हवीत आणि ‘ही सुई चालणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार हवा. महापालिकेच्या रुग्णालयाने सीटी मशीन घेतलं की बातमी येते. ते चालवणाऱ्या माणसांची पदं भरली की नाहीत, त्यांना इंजेक्शनचं रीतसर शिक्षण मिळालं की नाही, हेही तितकंच विचारायला हवं. आणि आपण पेशंट म्हणून गेलो की आधीचा त्रास सांगावा, क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा, चांगली शीर कुठल्या हातात सापडते ते सांगावं, हात जळू लागला तर लाज न बाळगता ओरडावं. मशीन किती स्लाइसचं आहे हे आपण विचारतोच. औषध कसं देणार आहात, हेही तेवढ्याच हक्काने विचारावं. तो प्रश्न विचारायची सवय लागली, तर पाट्यांवरचे आकडे न बदलताही आपल्या उपनगरांतली कित्येक निदानं सुधारतील.